टॅफ्ट यांची झोप : अध्यक्षांना झोपाळू ठरवणारा आजार आणि घशावरच्या शस्त्रक्रियेची गोष्ट

अमेरिकेचे सत्ताविसावे अध्यक्ष विल्यम हॉवर्ड टॅफ्ट यांच्याबद्दल सामान्य माणसाला विचारलं तर बहुधा एकच गोष्ट ऐकायला मिळते. ते इतके लठ्ठ होते की म्हणे व्हाइट हाउसच्या बाथटबमध्ये अडकून बसले! या गोष्टीला त्या काळातला भक्कम पुरावा नाही. टॅफ्ट गेल्यानंतर ती जास्त पसरली. त्यांच्यासाठी भला मोठा टब बनवून घेतला होता, एवढं मात्र खरं.

त्यांच्याबद्दलची दुसरी गोष्ट मात्र अगदी खरी आहे. ती म्हणजे त्यांची झोप. जेवताना, पत्ते खेळताना, पाहुण्यांशी बोलताना, चर्चमध्ये, एवढंच काय तर अंत्यविधीच्या वेळीसुद्धा त्यांचा डोळा लागायचा. प्रचाराच्या धामधुमीत उघड्या मोटारीत बसल्या बसल्या ते झोपी जायचे. लोक हसायचे. विरोधकांना आयताच विषय मिळायचा. खुद्द पत्नी त्यांना थट्टेने झोपेवरून चिडवायची.

आज डॉक्टर ही लक्षणं वाचतात तेव्हा त्यांना हसू येत नाही. झोपेत घसा बंद पडून श्वास थांबण्याचा हा आजार आहे, ज्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तो आपल्याही घराघरांत आहे. म्हणून टॅफ्ट यांचं आयुष्य या बाजूने बघण्यासारखं आहे.

सिनसिनाटीचा पैलवान

टॅफ्ट यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५७ रोजी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात झाला. घर वकिलांचं. वडील अल्फान्सो टॅफ्ट अध्यक्ष ग्रँट यांच्या मंत्रिमंडळात युद्धमंत्री आणि पुढे अ‍ॅटर्नी जनरल होते. मुलगा अंगापिंडाने दांडगा आणि डोक्यानेही हुशार. येल कॉलेजात त्याने कुस्ती गाजवली आणि १८७८ साली वर्गात दुसरा येऊन पदवी घेतली. म्हणजे पुढे ज्याला सगळे झोपाळू म्हणू लागले, तो माणूस मुळात आळशी नव्हता हे इथेच लक्षात ठेवायला हवं.

त्यानंतर कायद्याचं शिक्षण, वकिली, तिशीच्या आतच न्यायाधीशपद. १८९० साली ते देशाचे सॉलिसिटर जनरल झाले. १८९२ पासून केंद्रीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश. टॅफ्ट यांचं मन कोर्टातच रमायचं. सर्वोच्च न्यायालयाचा सरन्यायाधीश व्हायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न. पण पत्नी हेलन, घरातलं नाव नेली, हिला राजकारणाची ओढ होती. नवऱ्याने राष्ट्राध्यक्ष व्हावं ही तिची इच्छा.

१९०० साली त्यांना फिलिपिन्सला पाठवण्यात आलं. स्पेनकडून घेतलेल्या त्या बेटांवर नागरी कारभार बसवायचा होता. १९०१ मध्ये ते तिथले पहिले नागरी गव्हर्नर झाले. त्या काळातला एक किस्सा प्रसिद्ध आहे. आजारातून उठलेल्या टॅफ्ट यांनी वॉशिंग्टनला तार केली, की पंचवीस मैल घोड्यावरून रपेट केली, आता तब्येत छान आहे. उलट तारेत युद्धमंत्री एलिहू रूट यांनी टॅफ्ट यांच्याऐवजी घोड्याच्या तब्येतीची चौकशी केली! टॅफ्ट स्वतःच हा किस्सा हसत हसत इतरांना सांगायचे. स्वभावच तसा होता, दिलखुलास.

मध्यंतरी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सर्वोच्च न्यायालयात जागा देऊ केली होती. पण फिलिपिन्सचं काम अर्धवट सोडवेना म्हणून टॅफ्ट यांनी मनातली जागा नाकारली. १९०४ मध्ये ते परत येऊन युद्धमंत्री झाले.

लंडनचा डॉक्टर, पत्रांतून पथ्य

वजनाची चिंता टॅफ्ट यांना स्वतःलाही होती. १९०५ साली त्यांनी लंडनच्या डॉ. नथॅनिएल यॉर्क-डेव्हिस यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. हे डॉक्टर लठ्ठपणावर पथ्य सांगण्यासाठी नावाजलेले. काय खायचं, काय टाळायचं, याच्या याद्या समुद्रापलीकडून यायच्या. टॅफ्ट रोज वजन करायचे आणि आकडे डॉक्टरांना कळवायचे. काही महिन्यांत जवळपास ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो वजन उतरलं.

पण ते टिकलं नाही. कामाचा ताण, दौरे, मेजवान्या. वजन पुन्हा चढत गेलं. १९०८ ची निवडणूक जिंकून ४ मार्च १९०९ रोजी ते अध्यक्ष झाले, आणि अध्यक्षपदाच्या काळात काटा ३३० पौंडांच्या पुढे गेला. म्हणजे दीडशे किलो!

व्हाइट हाउसमधली चार वर्षं

अध्यक्षपदाची सुरुवातच दुःखाने झाली. मे १९०९ मध्ये नेलीला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. देशाचा कारभार बघता बघता टॅफ्ट पत्नीजवळ बसून तिला एकेक शब्द पुन्हा बोलायला शिकवायचे.

इकडे त्यांची स्वतःची तब्येत ढासळत होती. रात्री मोठमोठ्याने घोरणं, दिवसा न आवरणारी झोप, चढलेला रक्तदाब. त्यांचे लष्करी सहायक आर्चीबाल्ड बट यांनी घरच्यांना लिहिलेल्या पत्रांत अध्यक्षांच्या या झोपेबद्दल वारंवार लिहिलंय. त्यात काळजी दिसते. हे बट १९१२ साली टायटॅनिक जहाजाबरोबर बुडाले. टॅफ्ट यांचा जिवाभावाचा माणूस गेला.

तरी काम थांबलं नव्हतं. मक्तेदारी करणाऱ्या कंपन्यांवर टॅफ्ट सरकारने खटल्यांचा सपाटा लावला. स्टँडर्ड ऑइल आणि अमेरिकन टोबॅको या दोन बलाढ्य कंपन्या १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने फुटल्या. संपूर्ण देशावर आयकर बसवण्याची वाट मोकळी करणारी घटनादुरुस्तीही त्यांच्याच काळात मंजूर झाली. पण राजकारणातली चपळाई त्यांच्यात नव्हती. जुना मित्र रूझवेल्ट विरोधात गेला, पक्ष फुटला. १९१२ च्या निवडणुकीत टॅफ्ट तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. पदरात पडली फक्त आठ मतं, युटा आणि व्हरमाँट या दोन राज्यांची.

या पराभवाला राजकीय कारणं भरपूर होती, सगळं खापर झोपेवर फोडता येणार नाही. पण रात्र रात्र श्वासासाठी झगडणारा माणूस दिवसा कसा असतो, हे ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्याला विचारा. लक्ष लागत नाही, निर्णय लांबतात, माणूस चिडतो किंवा सुस्तावतो.

घशात नेमकं काय होतं?

आपण झोपलो की शरीरातले स्नायू सैल पडतात. घशाचेही पडतात. जीभ मागे जाते, टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ खाली लोंबते. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे, टॉन्सिल मोठ्या आहेत, जबडा मागे आहे किंवा मानेत चरबी जास्त आहे, त्यांची श्वासाची वाट या वेळी दबते. अरुंद वाटेतनं हवा जाते तेव्हा जो आवाज होतो ते घोरणं. वाट पूर्ण बंद झाली की आवाजही बंद. छाती हलते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस क्षणभर जागा होतो, मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही.

दहा सेकंदांहून जास्त वेळ श्वास थांबला की तो एक झटका मोजतात. श्वास अर्धवट अडला आणि त्यासोबत प्राणवायू उतरला किंवा झोप मोडली, तर तोही मोजतात. तासाला असे पाच झटके म्हणजे आजाराची सुरुवात, तीसच्या वर म्हणजे तीव्र आजार. रात्रभरात शेकडो वेळा मोडलेली ती झोप दिवसा वसुलीला येते. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो, गाडी चालवताना डुलकी लागून अपघात होतात.

टॅफ्ट यांच्या काळात झोपेची तपासणी नव्हतीच. पण त्यांचं वजन, घोरणं, दिवसाची झोप आणि रक्तदाब यांच्या नोंदी भरपूर आहेत. त्या एकत्र करून डॉ. जॉन सोटोस यांनी २००३ साली ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला आणि टॅफ्ट यांना तीव्र स्लीप अ‍ॅप्निया होता असं मांडलं.

हत्यार होतं, आजाराला नाव नव्हतं

त्या काळच्या डॉक्टरांच्या हातात घशावरची शस्त्रक्रिया होती. टॉन्सिल काढणं नेहमीचं झालं होतं. घटसर्प झालेल्या मुलाचा श्वास अडला की मानेत समोरून श्वासनलिकेला छिद्र पाडून जीव वाचवायचे. म्हणजे हात तयार होता, हत्यारही होतं. पण जाड माणसाची दिवसाची झोप आणि रात्री बंद पडणारा घसा यांचा संबंध कुणाच्या डोक्यातच आला नाही.

खरं तर हे चित्र चार्ल्स डिकन्सने १८३६-३७ मध्येच रंगवलं होतं. त्याच्या ‘पिकविक पेपर्स’ कादंबरीत जो नावाचा एक जाडा पोरगा आहे, जो कुठेही, कधीही झोपतो. वाचक शंभर वर्षं त्याला हसले. १९५६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका लठ्ठ रुग्णाची हकिगत छापली आणि त्या आजाराला पिकविकचंच नाव दिलं. तो रुग्ण पोकर खेळताना हातात फुल हाउससारखी पानं असताना झोपला होता! पत्त्यांच्या टेबलावर पेंगणारे टॅफ्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

तरीही दोष घशाचा आहे हे कळायला १९६५ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी झोपलेल्या रुग्णांना यंत्रं जोडून श्वास कसा थांबतो ते नोंदवलं. मग १९६९ मध्ये जर्मनीच्या कुलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जुनंच हत्यार बाहेर काढलं. अशा रुग्णाच्या मानेत श्वासनलिकेला छिद्र पाडलं. दबणारा घसा टाळून हवा थेट खाली जाऊ लागली आणि दिवसाची झोप पळाली. या आजारावरचा हा पहिला हमखास इलाज. पण आयुष्यभर मानेत नळी घेऊन जगायचं, बोलताना तिच्यावर बोट ठेवायचं, रोज साफ करायची. फार थोडे लोक तयार व्हायचे.

१९८१ साली दोन वाटा एकदम उघडल्या. डेट्रॉइटमध्ये डॉ. शिरो फुजिता यांनी टॉन्सिल, पडजीभ आणि टाळूचा मऊ कडेचा भाग काढून घसा रुंद करण्याची शस्त्रक्रिया मांडली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र दाखवलं. त्यालाच आज सीपॅप म्हणतात.

टॅफ्ट आज असते तर?

समजा टॅफ्ट आज एखाद्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेले असते. डॉक्टरांनी लगेच चाकू उचलला असता का? बहुतेक नाही.

टाळूच्या शस्त्रक्रियेचा अनुभव मिश्र आहे. १९९६ साली आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सरसकट रुग्णांमध्ये तिचं यश ४० टक्क्यांच्या आसपासच दिसलं. कारण सोपं आहे. एखाद्याचा घसा टाळूपाशी दबतो, एखाद्याचा जिभेच्या मुळाशी, एखाद्याचा दोन्हीकडे. जिभेमागे अडलेली वाट टाळू कापून कशी मोकळी होणार?

पण रुग्ण पारखून घेतला तर चित्र बदलतं. ज्याच्या टॉन्सिल मोठ्या आहेत, वजन फार नाही, जीभ घसा झाकत नाही, त्याला चांगला फायदा होतो. स्वीडनमध्ये ६५ निवडक रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर तासाचे झटके सरासरी ५३ वरून २१ वर आले. ज्यांची शस्त्रक्रिया लगेच केली नाही, त्यांचे फारसे कमी झाले नाहीत. आता हे २१ म्हणजेही शून्य नव्हे, हे लक्षात घ्यायला हवं. मोठा दिलासा, पण सगळ्यांचा आजार मुळातनं गेला असं नाही.

टॅफ्ट यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० च्या पुढे होता. अशा शरीरात नुसत्या टाळूच्या शस्त्रक्रियेचं यश कमी आणि भुलीचा धोका जास्त. त्यांना आजच्या डॉक्टरांनी आधी सीपॅप दिलं असतं, सोबत वजन उतरवायला सांगितलं असतं. तेवढ्याने भागलं नसतं तर पोटाची, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली असती.

मग घशावरची शस्त्रक्रिया कुणासाठी? ज्यांना सीपॅपचा मास्क खरोखरच सोसत नाही आणि ज्यांच्या घशात नेमका अडथळा दिसतो, त्यांच्यासाठी. त्याआधी औषधाने झोपवून दुर्बिणीने घसा कुठे दबतो ते पाहतात. मग गरजेप्रमाणे टॉन्सिल, टाळू, जिभेचं मूळ. काहींचे दोन्ही जबडे कापून पुढे सरकवतात. ही शस्त्रक्रिया मोठी, पण तिचे निकाल टाळूपेक्षा बरेच चांगले. जिभेच्या नसेला झोपेत हलका विद्युत झटका देऊन जीभ पुढे ओढणारं उपकरण छातीत बसवायला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

टाळूच्या शस्त्रक्रियेचा त्रासही आधी कळलेला बरा. पहिले दोन आठवडे गिळताना चांगलंच दुखतं. रक्तस्राव होऊ शकतो. काहींना पाणी पिताना नाकात येतं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहतं, क्वचित आवाजात फरक पडतो. आणि एक फसवी गोष्ट म्हणजे घोरण्याचा आवाज जातो, घरचे खूश होतात, पण श्वास थांबणं आत चालूच राहू शकतं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा करायलाच हवी.

पुलावरून चालणारा सरन्यायाधीश

टॅफ्ट यांच्या नशिबी यातलं काहीच नव्हतं. पण हरल्यानंतर त्यांनी जे केलं तेच त्यांना तारून गेलं. मार्च १९१३ मध्ये व्हाइट हाउस सोडून ते येल विद्यापीठात कायदा शिकवायला गेले आणि खाण्यावर लगाम घातला. वर्षभरात ६० पौंडांहून जास्त वजन उतरलं, आणि या वेळी पुन्हा पहिल्यासारखं चढू दिलं नाही. दिवसाची ती झोप गेली. रक्तदाबही उतरला.

आणि १९२१ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, आयुष्यभराचं स्वप्न पुरं झालं. अध्यक्ष हार्डिंग यांनी त्यांना सरन्यायाधीश नेमलं. राष्ट्राध्यक्ष आणि सरन्यायाधीश ही दोन्ही पदं भूषवणारा अमेरिकेच्या इतिहासात हा एकटाच माणूस.

ज्याला झोपाळू म्हणत होते, त्याने त्या खुर्चीत कामाचा डोंगर उपसला. तुंबलेल्या खटल्यांवर उपाय म्हणून १९२५ चा कायदा मंजूर करून घेतला. त्यामुळे कोणते खटले ऐकायचे हे बऱ्याच अंशी सर्वोच्च न्यायालय स्वतः ठरवू लागलं. तोवर हे न्यायालय संसदेच्याच इमारतीत बसायचं. त्याला स्वतःची इमारत हवी म्हणून टॅफ्ट यांनी पाठपुरावा केला. ती १९३५ मध्ये पूर्ण झाली, बघायला मात्र ते नव्हते. कोर्टात जायला ते पायी निघायचे, कनेटिकट अ‍ॅव्हेन्यूवरच्या पुलावरून. त्या पुलाला १९३१ साली त्यांचंच नाव देण्यात आलं.

पुढे हृदयाने साथ सोडायला सुरुवात केली. ३ फेब्रुवारी १९३० रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि ८ मार्चला, ७२ व्या वर्षी, ते गेले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांची कबर आहे.

एकाच माणसाची ही दोन आयुष्यं समोर ठेवून बघा. अध्यक्ष असताना खुर्चीत पेंगणारा, आणि दहा वर्षांनी पायी कोर्टात जाऊन न्यायालयाचा कारभार बदलून टाकणारा. मधल्या काळात स्वभाव बदलला नव्हता, बुद्धीही तीच होती. फरक पडला तो रात्रीच्या श्वासात.

आपल्याकडे जो मोठ्याने घोरतो त्याला किती गाढ झोप लागते म्हणून कौतुक होतं, आणि तोच दिवसा पेंगला की आळशी म्हणून बोलणी बसतात. बेळगाव असो, पणजी, इंदूर, वडोदरा की हैदराबाद, झोपेची तपासणी आता आपल्या शहरांत होते. शस्त्रक्रिया करायची की नाही हा फार पुढचा प्रश्न. आधी एक रात्र घरच्यांनी जागून ऐकावं. घोरणं मधेच थांबतं का? मग धापा टाकल्यासारखा श्वास येतो का? मोबाइलवर ते रेकॉर्ड करावं आणि डॉक्टरांना ऐकवावं. झोपणाऱ्याला स्वतःला हे कधीच कळत नाही.